सत्तावीस नंबरचा तेरडा

मखमलाबादच्या नर्सरीत तेरडा सहा रंगांत मिळतो.
रंगनाथ काकड बियांची पाकिटं पत्त्यांसारखी पिसतात:
लाल, राणी, पांढरा, अबोली, जांभळा,
आणि ठिपक्यांचा, ज्याला ते ‘खडीचा’ म्हणतात.
दुहेरी पाकळ्या. बुटकी, समंजस रोपं,
एका उंचीची, प्रार्थनेला उभी केल्यासारखी.
मी प्रत्येकाचं एक पान मागितलं.
‘पानाचं काय करता ताई, फूल न्या.’

अंजनेरीच्या उतारावर तेरडा एकाच रंगाचा.
तो गुलाबी की जांभळा, यावर
हिराबाई लिलके आणि मी
श्रावणभर भांडलो.
कातळाच्या खाचेत बोटभर, ओहळाकाठी कंबरेइतका,
गुरांच्या वाटेवर तुडवला जाऊन पुन्हा
कोपरावर उठलेला.
ती पुढे, कोयता घेऊन. मी मागे:
पाकिटात पान, पानाशेजारी सिलिकाचे निळे खडे,
पाकिटावर नंबर.

सत्तावीस तिच्या घरामागच्या बांधाला होता.
त्यात विशेष काही नव्हतं.
एवढंच आठवतं, मी वाकले तेव्हा शेंग फुटली
आणि एक बी चष्म्यावर येऊन आपटलं.
लॅटिनात या घराण्याचं नाव ‘अधीर’ असं आहे.

रात्री साडेअकरा. वीज गेली नाही हे नशीब.
जेलच्या वडीत, जांभळ्या दिव्याखाली,
पट्टे उजळले.
काकडांचे सहाही रंग
एकाच उंचीवर थांबत गेले,
सहा कागदांवर एकच सही.
एवढी रंगीत पंगत, आणि हंडा एक.
रंग म्हणजे दोन-चार अक्षरांची उलटापालट,
बाकीचं पुस्तक तेच.
आणि डोंगर,
जो मी वहीत ‘फुले एकरंगी’ असं लिहून
एका ओळीत उरकला होता,
त्यातलं प्रत्येक रोप आपापल्या जिन्याने उतरत होतं.
बाविसाकडे आहे ते तेविसाकडे नाही,
दोघांत अंतर किती, तर दोन म्हशी बसतील एवढं.

सत्तावीसला सगळ्यांच्या खाली एक पट्टा,
बारीक, नखाने ओढल्यासारखा,
दुसऱ्या कुणाकडेच नसलेला.
जेल फेकून दिला, पुन्हा केला. पट्टा पुन्हा.
तिसऱ्यांदा.
मग चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी सकाळची त्र्यंबक एसटी.
बांधाला मुठीएवढा खड्डा, कडेला माती सैल.

‘गौर आणली ना,’ हिराबाई म्हणाली.
‘मुळासकट आणायची असती. मुळं म्हणजे तिचे पाय.’
‘मग?’
‘मग काय. तीन दिवस राह्यली,
भाजी-भाकर खाल्ली, काल बोळवली व्हळात.’

तेरड्याचा रंग तीन दिवस.
शाळेत वाक्यात उपयोग केला होता मी,
वर्गातल्या एका मुलीवर राग काढत.
पाचपैकी चार गुण.

माझा चेहरा पाहून ती हसली नाही, हे तिचे उपकार.
‘जून झालेलं झाड होतं ते,’ म्हणाली,
‘घरात आणताना तटतट फुटलं,
पोरं बिया येचीत बसली रात्रभर.’
‘कुठे आहेत?’
‘झाडून काढल्या.’
‘कुठे?’
तिने हनुवटी उचलली:
उकिरडा, त्यापलीकडे नाचणीचं वावर,
त्यापलीकडे ढगात शिरलेली अख्खी सोंड.

तक्त्यात काय लिहावं याचा विचार करत
मी न्हाणीच्या पाण्याशी उभी राहिले.
तिथे काकडांचा लाल, दुहेरी, फुलला होता.
आषाढात ते पाकीट मीच तिला दिलेलं,
भेट म्हणून, दुसरं काही सुचलं नाही म्हणून.
एक माशी त्याच्यातून निघाली, पाठ पिवळी,
बांधाकडे गेली,
एकरंगी फुलात शिरली,
आणि मला हाकलावीशी वाटली,
आणि मी हात वर केला
आणि तसाच ठेवला.